शब्दांची विचारपूस : ‘बॉयकॉट’ या क्रियापदाचे मूळ, अर्थ आणि वापर

या वेळच्या टपालात एकाच इंग्रजी क्रियापदाविषयी इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी प्रश्न आले आहेत की, बाकीची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवून हे सदर पूर्णपणे त्या एका शब्दाला दिले आहे. शब्द आहे ‘बॉयकॉट’. तो आपल्याकडे परका राहिलेला नाही. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, वकिलांच्या बाररूममध्ये, तालुक्याच्या बातमीपत्रात आणि निवडणुकीच्या तोंडावर रस्ता न मिळालेल्या गावाच्या निवेदनात तो सारख्याच सहजतेने येतो. मात्र तो वापरताना कोण कोणावर हे अस्त्र उगारतो आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि माझ्या मते या क्रियापदाच्या अर्थाची किल्ली नेमकी तिथेच आहे. पुढील उत्तरे त्या दृष्टीने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : मी उदगीर येथे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. ‘बॉय’ आणि ‘कट’ हे दोन शब्द मिळून ‘बॉयकॉट’ झाला, म्हणजे ‘एखाद्या मुलाशी संबंध तोडणे’ हा त्याचा मूळ अर्थ, असे काही विद्यार्थी छातीठोकपणे सांगतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : यात तथ्य नाही. ‘बॉयकॉट’ हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि एखाद्या शब्दाचे जन्मस्थळ व जन्माचा महिना इतक्या नेमकेपणाने सांगता यावा, असे भाषेच्या इतिहासात क्वचितच घडते.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा १८३२ साली इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात जन्मलेला गृहस्थ. काही काळ लष्करात काढल्यानंतर तो आयर्लंडमध्ये स्थायिक झाला. पश्चिम आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉख मास्क नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी लॉर्ड अर्न या जमीनदाराची जमीन होती, आणि त्या जमिनीवरील कुळांकडून खंड वसूल करणारा कारभारी म्हणून बॉयकॉट काम पाहत असे. लोक त्याला कॅप्टन म्हणत. जमीनदार दूर, कूळ दारात आणि मध्ये वसुलीचा कारभारी, ही रचना मराठवाड्यातील जुन्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नाही. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर १९५० साली कूळकायदा येईपर्यंत येथील अनेक कुळांनी तीच रचना अनुभवली आहे.

१८७९ हे आयर्लंडमध्ये नापिकीचे वर्ष होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये ‘लँड लीग’ स्थापन झाली आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. खंड वाजवी असावा आणि कुळाला मनमानीपणे हुसकावून लावू नये, या तिच्या मुख्य मागण्या होत्या. एका कुळाला काढून रिकामी झालेली जमीन दुसऱ्या गरजू शेतकऱ्याने जास्त खंड देऊन घेतली, तर चळवळ आतूनच मोडणार, हे पार्नेल यांना दिसत होते. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत त्यांनी श्रोत्यांनाच विचारले की, अशी जमीन घेणाऱ्या माणसाचे काय करावे. गर्दीतून ‘गोळी घाला’ असा आवाज आला. त्यावर त्यांनी अधिक चांगला मार्ग म्हणून सांगितले तो असा : रस्त्यात भेटला तर त्याला टाळा, दुकानात टाळा, बाजारात आणि जत्रेत टाळा, प्रार्थनामंदिरातही टाळा, त्याला एकटे पाडा. पार्नेल यांचा रोख जमीन बळकावणाऱ्या माणसावर होता, पण पहिला मोठा प्रयोग झाला तो कारभाऱ्यावर.

त्या हंगामात लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली होती आणि कुळे पंचवीस टक्के मागत होती. सप्टेंबरच्या उत्तरार्धात बॉयकॉटने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. नोटीस घेऊन निघालेल्या माणसाने मोजक्याच घरांत त्या पोहोचवल्या असतील, तोच वस्तीतील बायका बाहेर आल्या आणि त्यांनी दगड, चिखल व शेणमातीचा असा मारा केला की, त्याला बॉयकॉटच्या घरात आश्रय घ्यावा लागला. त्यानंतर एकेक माणूस त्या घरापासून दूर झाला. शेतावरील मजूर निघून गेले, घरातील नोकर गेले, लोहाराने घोड्यांचे काम नाकारले, कपडे धुणारी बाई येईनाशी झाली, टपाल आणणारा मुलगा येईनासा झाला आणि जवळच्या बॅलिनरोब गावातील दुकानदारांनी किराणा देणे बंद केले. शेतात बटाटे, सलगम आणि धान्य काढणीला आलेले, आणि घरात माणूस नाही, अशी त्याची अवस्था झाली. ऑक्टोबरमध्ये त्याने ही कैफियत लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्राला पत्राने कळवली आणि त्या पत्रामुळे हा स्थानिक तंटा देशभर गाजला.

आता मूळ मुद्दा, म्हणजे शब्दाचा. जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार त्या काळात मेयोमध्ये फिरत होता. त्याने दिलेल्या हकिगतीनुसार, स्थानिक धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याबरोबर जेवताना अशा माणसाशी संबंध तोडण्याच्या कृतीला काय म्हणावे, यावर बोलणे निघाले. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा ग्रीक मुळाचा शब्द होता. पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही, अशी फादर ओमॅली यांची अडचण होती. क्षणभर विचार करून त्यांनी सुचवले की, त्याला ‘बॉयकॉट करणे’ असेच म्हटले तर? म्हणजे हा शब्द ज्याच्यावर ही कृती झाली त्याच्या नावावरून पडला, आणि तो घडवताना सामान्य शेतकऱ्याला समजणे ही एकच कसोटी लावली गेली. शिक्षकांनी वर्गात सांगावे असे यात काही असेल तर ते हेच आहे. इंग्रजीत माणसांच्या नावांवरून आलेली इतर क्रियापदेही आहेत. लुई पाश्चर यांच्यावरून ‘पाश्चराइझ’, लुइजी गॅल्व्हानी यांच्यावरून ‘गॅल्व्हनाइझ’, फ्रान्झ मेस्मर यांच्यावरून ‘मेस्मराइझ’. परंतु त्या शब्दांना ‘आइझ’ असा प्रत्यय जोडावा लागला. ‘बॉयकॉट’ला काहीच जोडावे लागले नाही, आडनाव जसेच्या तसे क्रियापद झाले.

प्रश्न : त्या कॅप्टनचे पुढे काय झाले? आणि एका खेड्यातील भांडणाचा शब्द जगभर इतक्या लवकर कसा गेला? (परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी वाचक)

उत्तर : पीक वाचवण्यासाठी नोव्हेंबरमध्ये कॅव्हन आणि मॉनहन या उत्तरेकडील परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक आणले गेले. त्यांच्या संरक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक व पोलीस तैनात झाले. थंडी आणि पावसात तंबू ठोकून राहिलेल्या या फौजेने काही हल्ला परतवला नाही, कारण हल्ला झालाच नाही. फादर ओमॅली आणि लँड लीगच्या कार्यकर्त्यांनी लोकांना रस्त्यावरून दूर राहण्यास बजावले होते. सुमारे पाचशे पौंड किमतीचे पीक निघाले आणि ते काढण्यासाठी सुमारे दहा हजार पौंड खर्च आला, असा त्या वेळचा अंदाज आहे. एकेका सलगमामागे सरकारला एक शिलिंग पडला, असे पार्नेल म्हणाले. शेतमालाच्या भावाचा आणि काढणीच्या मजुरीचा हिशेब रोज मांडणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला या आकड्यांतील ताकद वेगळी सांगायला नको. २७ नोव्हेंबर १८८० रोजी बॉयकॉट कुटुंबासह लष्कराच्या गाडीतून तेथून निघाला. पुढे तो इंग्लंडमध्ये राहिला आणि १८९७ साली वारला.

शब्द पसरण्याचे कारण याच घटनाक्रमात आहे. पीककाढणीच्या काळात इंग्लंड, आयर्लंड आणि परदेशांतील बातमीदार तेथे होते, आणि रोजच्या बातमीत हे नाव क्रियापद म्हणून छापले जाऊ लागले. काही महिन्यांच्या आत फ्रेंच, जर्मन, डच आणि रशियन भाषांनी ते उचलले. आज जपानीतही तोच शब्द आहे. कृती जुनीच होती. अमेरिकेतील वसाहतींनी १७७४ मध्ये ब्रिटिश माल न घेण्याचा ठराव केला होता आणि १७९१ नंतर इंग्लंडमधील अनेक कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर घरात आणणे थांबवले होते. तेव्हा या कृतीला सुटसुटीत नाव नव्हते. नाव मिळाल्यावर इतिहासकार त्या जुन्या घटनांनाही मागे जाऊन ‘बॉयकॉट’ म्हणू लागले.

भारतात हा शब्द चळवळीचा शब्द झाला तो बंगालच्या फाळणीच्या वेळी. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत ब्रिटिश मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. त्याच वर्षी चीनमधील व्यापारी आणि विद्यार्थी अमेरिकेच्या प्रवेशबंदी कायद्याविरुद्ध अमेरिकन मालावर बहिष्कार टाकत होते. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री लोकांपुढे ठेवली, आणि १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली बहिष्काराच्या चळवळीला मान्यता दिली. ‘बॉयकॉट’ला मराठीत ‘बहिष्कार’ हा प्रतिशब्द पक्का झाला तो याच काळात. पुढे सायमन कमिशन फेब्रुवारी १९२८ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा हा शब्द सर्वांच्या तोंडी होता.

प्रश्न : मी नांदेड येथे वकिलीचे शिक्षण घेत आहे. ‘बॉयकॉट’, ‘बहिष्कार’ आणि ‘वाळीत टाकणे’ हे तिन्ही एकच का? कायद्याच्या भाषेत कोणता शब्द कोठे येतो?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

‘बहिष्कार’ म्हणजे बाहेर करणे. संस्कृतातील ‘बहिस्’ आणि ‘कृ’ यांपासून तो बनला आहे आणि टिळकांच्या काळाच्या कितीतरी आधीपासून तो जातीच्या आणि धर्माच्या व्यवहारात होता. ‘वाळीत टाकणे’ हा त्याचाच घरगुती मराठी अवतार. कॅप्टन बॉयकॉटच्या सहा शतके आधी विठ्ठलपंत कुलकर्णी यांच्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, ही परंपरेने चालत आलेली कथा मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? आपेगाव पैठणपासून काही मैलांवर. चार लेकरे, त्यांच्या हातून काही अपराध घडलेला नाही, आणि समाजात परत घेण्यासाठी त्यांनी दाखला मागायचा. वाळीत टाकण्याचे स्वरूप या कथेइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते.

आता मेयोतील घटना हिच्याशेजारी ठेवून पाहावी. तेथेही एका माणसाचे किराणा, टपाल, मजूर तोडले गेले. कृती वरवर सारखी आहे, पण दिशा उलट आहे. मेयोमध्ये ज्यांच्या हातात जमीन नव्हती, न्यायालय नव्हते आणि पोलीस नव्हते, त्यांनी ज्याच्या पाठीशी हे सर्व होते, त्याला आपले श्रम नाकारले. आणि त्यांची मागणी ठरलेली होती, म्हणजे ती मान्य झाली की, नकार संपणार होता. वाळीत टाकताना बहुसंख्य किंवा बलवान समूह एकट्यादुकट्याला जगण्याचे साधन नाकारतो, आणि पुष्कळदा समोरच्याने काय केले असता हे संपेल, हेही ठरलेले नसते. इंग्रजी क्रियापद या दोन्हींसाठी वापरले जाते. म्हणूनच इंग्रजीत दुसऱ्या प्रकारासाठी ‘सोशल बॉयकॉट’ असे विशेषण जोडून बोलण्याची पद्धत पडली, आणि मराठीतही ‘सामाजिक बहिष्कार’ असे स्पष्ट म्हणावे, असा माझा आग्रह आहे.

हा फरक ज्यांनी सर्वांत काटेकोरपणे पाहिला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र काढले. येथील ‘बहिष्कृत’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतर करताना काही विद्यार्थी ‘बॉयकॉटेड’ असे लिहितात, ते चुकीचे आहे. बॉयकॉटला आरंभ असतो, निमित्त असते. जन्मतःच बाहेर ठेवलेल्या समाजासाठी ‘एक्सक्लूडेड’ किंवा ‘आउटकास्ट’ हेच शब्द जवळचे आहेत. मात्र तोच समाज पाणवठ्याचा, रस्त्याचा, मंदिराचा हक्क मागू लागला की, गाव त्याची मजुरी, दळण आणि किराणा बंद करी. त्या वेळी जे घडे, ते खऱ्या अर्थाने ‘सोशल बॉयकॉट’ होते. मुंबई सरकारने नेमलेल्या आणि ज्यात डॉ. आंबेडकर सदस्य होते त्या समितीने १९३० च्या अहवालात, दलितांना दडपण्यासाठी यापेक्षा प्रभावी हत्यार आपल्याला ठाऊक नाही, या अर्थाची नोंद केली आहे. १९४७ साली अनुसूचित जातींच्या वतीने तयार केलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार घालणे, त्यासाठी चिथावणे आणि त्याची धमकी देणे हे तिन्ही गुन्हे मानावेत, असे कलम सुचवले आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. औरंगाबादेत १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा मराठवाड्यातील कितीतरी गावांत हा प्रश्न जिवंत होता.

आजच्या कायद्यात दोन ठिकाणे लक्षात ठेवावीत. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यातील दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या समाजांतील व्यक्तीवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे अथवा तशी धमकी देणे, हा त्या दुरुस्तीनुसार स्वतंत्र गुन्हा आहे. दुसरा महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जो जुलै २०१७ पासून अमलात आहे. त्याचा रोख मुख्यतः जातपंचायतींवर आहे, म्हणजे स्वतःच्याच समाजाने आपल्या माणसाला वाळीत टाकण्यावर : लग्नकार्याला किंवा अंत्यविधीला येऊ न देणे, रोटीबेटी व्यवहार तोडणे, धंदा बंद पाडणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा प्रकारचा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य आहे.

तुमच्या व्यवसायाशी संबंधित आणखी एक गोष्ट. ‘न्यायालयीन कामकाजावर बहिष्कार’ हा शब्दप्रयोग आपल्या बातम्यांत नेहमी दिसतो. हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये निकाल दिला की, वकिलांना संप करण्याचा किंवा न्यायालयावर बहिष्काराची हाक देण्याचा अधिकार नाही. विरोध नोंदवायचा असेल तर काळी फीत लावावी, निवेदन द्यावे, न्यायालयाच्या आवाराबाहेर शांततेने मोर्चा काढावा. म्हणजे पक्षकारावर न्यायाचे दार बंद होत असेल, तर व्यवस्थेवर उगारलेले अस्त्र प्रत्यक्षात दुबळ्यावर पडते, हे न्यायालयानेही ध्यानात घेतले. मला हा निकाल शब्दार्थाच्या दृष्टीनेही योग्य वाटतो.

प्रश्न : लातूर येथे स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सराव परीक्षेत मी ‘द व्हिलेजर्स पुट बॉयकॉट ऑन द इलेक्शन’ असे लिहिले आणि गुण गेले. चूक काय?

उत्तर : तुमचे वाक्य मराठीत विचार करून लिहिले गेले आहे. आपण निवडणुकीवर बहिष्कार ‘टाकतो’ किंवा ‘घालतो’. मराठीत ‘बहिष्कार’ हे नाम आहे, त्याला वेगळे क्रियापद लागते आणि ज्यावर तो पडतो त्याला ‘वर’ लागतो. इंग्रजीत ‘बॉयकॉट’ हे स्वतःच सकर्मक क्रियापद असल्यामुळे कर्म त्याला थेट चिकटते, मध्ये ‘ऑन’, ‘टू’ किंवा ‘अगेन्स्ट’ येत नाही. म्हणून ‘द व्हिलेजर्स बॉयकॉटेड द इलेक्शन’ एवढेच पुरे आहे. हाच शब्द नाम म्हणून वापरला तर मात्र ‘अ बॉयकॉट ऑफ द इलेक्शन’ असे ‘ऑफ’ वापरावे. ‘अ बॉयकॉट ऑन’ हेही कानी पडते, पण परीक्षेत ‘ऑफ’ सुरक्षित. हाक द्यायची असेल तर ‘कॉल फॉर अ बॉयकॉट’, आणि ती मागे घ्यायची असेल तर ‘कॉल ऑफ द बॉयकॉट’.

कर्म माणूस, संस्था, वस्तू, कार्यक्रम यांपैकी काहीही असू शकते. १९५५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी शहरातील बस ‘बॉयकॉट’ केल्या आणि ३८१ दिवस ते पायी किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामावर गेले. १९८० साली अमेरिकेसह अनेक देशांनी मॉस्को ऑलिम्पिक ‘बॉयकॉट’ केले आणि १९८४ मध्ये सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसचे.

परीक्षेत जवळच्या शब्दांचा गोंधळ मुद्दाम विचारला जातो. ‘स्ट्राइक’मध्ये कामगार आपल्याच मालकाचे काम थांबवतो, बॉयकॉट करणाऱ्याचे समोरच्याशी नोकरीचे नाते असण्याची गरज नसते. ‘एम्बार्गो’ आणि ‘सँक्शन’ हे सरकारे लादतात. बॉयकॉट बहुधा लोक आपणहून करतात, जरी सरकारेही क्रीडास्पर्धा बॉयकॉट करतात. ‘बॅन’ म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने घातलेली बंदी. ‘ऑस्ट्रसाइझ’ म्हणजे एखाद्याला समूहाबाहेर एकटे पाडणे. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून मत देत, किमान सहा हजार मते पडल्यास ज्याच्या विरोधात सर्वाधिक खापरे निघत, त्याला दहा वर्षे नगर सोडावे लागे आणि खापराला ग्रीकमध्ये ‘ऑस्ट्रकॉन’ म्हणत. फादर ओमॅली यांना हाच शब्द जड वाटला होता.

प्रश्न : २०२३ साली आरक्षणाच्या आंदोलनात आमच्या जालना जिल्ह्यात आणि सगळ्या मराठवाड्यात गावोगावी पुढाऱ्यांना ‘गावबंदी’ची पाटी लागली होती. इंग्रजी वृत्तपत्रांसाठी लिहिताना त्याला ‘बॉयकॉट’ म्हणावे का?

उत्तर : वेशीवरच्या त्या पाट्यांवर आरक्षण मिळेपर्यंत राजकीय नेत्यांना प्रवेश नाही, अशा आशयाचा मजकूर होता. प्रवेश नाकारणे आणि संबंध नाकारणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नेता गावात आला आणि सभेला कोणी गेले नाही, तर गावाने सभा ‘बॉयकॉट’ केली. नेत्याला वेशीवरच अडवले, तर गावाने ‘बार्ड एन्ट्री’ किंवा ‘बॅन्ड’ असे लिहावे. गावबंदीचे वर्णन करताना ‘बॉयकॉट’ हा शब्द पूर्ण चुकीचा ठरत नाही, कारण त्यात मागणी होती आणि रोख सत्तेकडे होता; पण बातमीत नेमकेपणा हवा, म्हणून मी ‘गावबंदी’ हाच शब्द इंग्रजीतही तसाच ठेवून पुढे एका वाक्यात त्याचा अर्थ देणे पसंत करीन. ‘घेराव’ हा शब्द इंग्रजी कोशांत तसाच गेला आहे. ‘गावबंदी’ला संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मतदानाबाबत मात्र शंका नाही. पूल, रस्ता किंवा पाणी मिळत नाही म्हणून गावाने मतपेटीकडे पाठ फिरवली, तर तो ‘बॉयकॉट’च, कारण तेथे गाव स्वतःच्या हातातील गोष्ट नाकारते. परंतु इतरांनी मत देऊ नये म्हणून कोणी गल्लीत दबाव आणला, तर त्याला या शब्दाचे पांघरूण देऊ नये. मतदारावर दडपण आणणे हा वेगळा गुन्हा आहे आणि बातमीदाराने तो वेगळ्या शब्दांत नोंदवावा.

प्रश्न : ‘बॉयकॉट’ लिहावे की ‘बायकॉट’? (हिंगोली)

उत्तर : ‘बॉयकॉट’ लिहावे. उच्चारात पहिल्या अवयवावर जोर आहे आणि तो ‘बॉय’ असाच आहे. इंग्रजी वर्णलेखनात शेवटी ‘टी’ दोन वेळा येतो, हे विद्यार्थी हमखास विसरतात. आडनाव तसे होते म्हणून क्रियापदही तसे आहे. आडनावाचे पहिले अक्षर मोठे असले तरी क्रियापदाचे लहानच राहते. ‘बायकॉट’ असे लिहिण्यात आता एक नवीन अडचणही आहे. ‘बाय’ म्हणजे विकत घेणे, या शब्दावरून इंग्रजीत ‘बायकॉट’ असा स्वतंत्र शब्द तयार झाला आहे आणि त्याचा अर्थ नेमका उलट आहे : एखाद्या व्यापाऱ्याची किंवा उत्पादकाची भूमिका पटली म्हणून त्याचा माल मुद्दाम विकत घेणे.